सापशिडीचे शंभरावे घर आणि अ‍ॅरेतील खाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी भाषेत दोन खेळाडूंची सापशिडी लिहिली आहे. साप आणि शिड्यांसाठी 'उडी' नावाचा १०० पूर्णांकांचा (सलग १०० जागांचा) अ‍ॅरे घेतला असून, सोंगटी ज्या घरावर आली तिथून ती शेवटी कोणत्या घरावर जाईल, याची नोंद त्यात ठेवली आहे. सुरुवातीला १ पासून १०० पर्यंत लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) चालवून प्रत्येक ठिकाणी त्या घराचाच क्रमांक भरला आणि मग फक्त साप-शिड्यांची घरे बदलली. महाविद्यालयातील संगणकावर हा खेळ सुरू होताच पहिला खेळाडू फासा न टाकताच विजयी ठरतो. घरच्या लॅपटॉपवर तोच कोड नीट चालतो. शिवाय पट पडद्यावर काढला की १०, २०, ३० ही घरे एक ओळ वर सरकलेली दिसतात आणि खालचा डावा कोपरा रिकामा राहतो. कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, एकही चूक दाखवत नाही. यात नेमके काय बिघडले आहे?

या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. तुमच्या प्रोग्राममध्ये तीन निरनिराळ्या प्रकारच्या संख्या वावरत आहेत आणि त्या तिन्हींना तुम्ही एकच समजला आहात. पहिली संख्या म्हणजे मोजणी: अ‍ॅरेमध्ये एकूण किती जागा आहेत. दुसरी म्हणजे अंतर: अ‍ॅरेच्या सुरुवातीपासून एखादी जागा किती पावले दूर आहे, यालाच आपण इंडेक्स म्हणतो. तिसरी म्हणजे नाव: पटावरच्या घरावर छापलेला आकडा. सापशिडीत या तिन्ही संख्या शंभराच्या आसपास येतात, म्हणून घोटाळा लवकर होतो आणि उशिरा लक्षात येतो. पुढील विवेचनात पटावरच्या जागेला मी 'घर' म्हणेन आणि अ‍ॅरेमधील जागेला 'खाना' म्हणेन. तुम्हीही विचार करताना हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. कोडमधील नावे इथे मराठीत लिहिली आहेत. ती तुमच्या नावांच्या जागी वाचावीत.

आधी अंतराविषयी. सी भाषेत १०० पूर्णांकांचा अ‍ॅरे घोषित केला की कंपायलर मेमरीत सलग १०० खान्यांची पट्टी राखून ठेवतो. आजच्या बहुतेक संगणकांवर एक साधा पूर्णांक ४ बाइट घेतो, म्हणजे ही पट्टी ४०० बाइटांची झाली. समजा ती १००० या पत्त्यापासून सुरू होते. मग पहिला खाना १००० वर, दुसरा १००४ वर, तिसरा १००८ वर. 'उडी[३]' असे लिहिल्यावर कंपायलर सुरुवातीच्या पत्त्यात तीन खान्यांची लांबी मिळवतो आणि १०१२ या पत्त्यावर जातो. म्हणजे चौकटी कंसातला आकडा 'कितवा खाना' हे सांगत नाही, तर 'सुरुवातीपासून किती खाने ओलांडायचे' हे सांगतो. पहिल्या खान्यापर्यंत जाण्यासाठी एकही खाना ओलांडावा लागत नाही, म्हणून त्याचा इंडेक्स शून्य. बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सी भाषा घडवली तेव्हा इंडेक्सची व्याख्याच अशी पत्त्यातील बेरीज म्हणून केली गेली. बेरजेत क्रम महत्त्वाचा नसतो, त्यामुळे 'उडी[३]' ऐवजी '३[उडी]' असे लिहिले तरी सी भाषेचा कंपायलर ते बिनतक्रार स्वीकारतो. असे कोणी लिहू नये. पण इंडेक्स हे अंतर आहे याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्याकडे इमारतीत तळमजला असतो आणि त्याच्या वर पहिला मजला. चौथ्या मजल्यावर राहणारा माणूस जमिनीपासून चार मजले चढून जातो, पण तळमजल्यापासून तिथपर्यंत राहण्याच्या पातळ्या पाच असतात. मजल्याचा आकडा हे अंतर आहे आणि पातळ्यांची संख्या ही मोजणी आहे. इमारत तळमजला आणि वर ९९ मजले अशी असेल, तर एकूण पातळ्या १०० होतील आणि शंभरावा मजला नावाची गोष्ट तिथे असणारच नाही. तुमच्या अ‍ॅरेची रचना नेमकी अशीच आहे: खाने १००, इंडेक्स ० ते ९९. 'उडी[१००]' हा खाना अस्तित्वातच नाही.

आता तुमचा लूप पाहू. तो १ पासून १०० पर्यंत जातो आणि प्रत्येक फेरीत 'उडी[क] = क' असे करतो. यात दोन चुका आहेत. शून्याचा खाना भरलाच जात नाही. तो स्थानिक (फंक्शनच्या आत घोषित केलेला) अ‍ॅरे असेल तर त्यात मेमरीत आधीपासून पडलेली कोणतीही संख्या राहते. आणि शेवटच्या फेरीत 'उडी[१००] = १००' हे वाक्य चालते. वरच्या उदाहरणात अ‍ॅरेची पट्टी १३९९ या बाइटवर संपते. तुमचे वाक्य १४०० वर लिहिते. तिथे काय आहे, याची सी भाषा चौकशी करत नाही. भाषेच्या प्रमाणग्रंथात अशा कृतीला अपरिभाषित वर्तन म्हटले आहे, म्हणजे अशा वेळी काय व्हावे याचे कोणतेही बंधन कंपायलरवर घातलेले नाही.

महाविद्यालयातील संगणकावर या पट्टीच्या लगेच पुढे खेळाडूंच्या स्थानांचा अ‍ॅरे आला असावा, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. त्याचा पहिला खाना म्हणजे पहिल्या खेळाडूचे स्थान. घोषणेच्या वेळी तुम्ही त्यात शून्य भरले होते. नंतर चाललेल्या लूपने नकळत त्यावर १०० लिहिले. खेळाचा मुख्य लूप 'कोणाचे स्थान १०० झाले का' हे तपासतो, उत्तर 'होय' येते आणि विजयाची घोषणा होते. फाशाचा यात काहीही संबंध नाही. घरच्या लॅपटॉपवर वेगळ्या आवृत्तीच्या कंपायलरने व्हेरिएबल वेगळ्या क्रमाने मांडली असतील किंवा मध्ये काही बाइट मोकळे सोडले असतील, म्हणून तो आगंतुक आकडा निरुपयोगी जागी जाऊन पडला. चूक दोन्हीकडे तितकीच आहे. एका ठिकाणी ती दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून 'माझ्याकडे तर चालते' हा निकष अ‍ॅरेच्या बाबतीत मी कधीच मान्य करत नाही.

याच चुकीचे आणखी एक रूप सांगतो, कारण ते विद्यार्थ्यांना फार छळते. समजा त्या १४०० पत्त्यावर लूपचाच मोजक, म्हणजे 'क', बसला आहे. तुमच्या लूपमध्ये त्यावर १०० लिहिले जाते आणि तेव्हा तो १०० च असतो, त्यामुळे काहीच बिघडल्याचे दिसत नाही. पण तुम्ही सर्व खाने शून्य करण्याचा लूप लिहिला असता, तर शंभराव्या इंडेक्सला शून्य लिहिताच 'क' शून्य झाला असता, लूप पुन्हा सुरुवातीपासून चालला असता आणि प्रोग्राम कधीच थांबला नसता. अनेक महाविद्यालयांत आजही वापरल्या जाणाऱ्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये पूर्णांक २ बाइटांचा असतो आणि डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर मेमरीला संरक्षण नसते. तिथे हद्दीबाहेरचे लेखन याहूनही दूरवर जाऊन नुकसान करू शकते.

आता उपाय. दोन सरळ मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की अ‍ॅरे १०० खान्यांचाच ठेवायचा आणि घर क्रमांक 'न' साठी दरवेळी 'उडी[न − १]' हा खाना वापरायचा. दुसरा मार्ग असा की अ‍ॅरे १०१ खान्यांचा घ्यायचा, म्हणजे इंडेक्स ० ते १०० होतात आणि घराचा आकडा थेट इंडेक्स म्हणून वापरता येतो. पाठ्यपुस्तकी शिस्तीला पहिला मार्ग जास्त रुचतो, कारण त्यात एकही खाना वाया जात नाही. सापशिडीसाठी मात्र मी नेहमी दुसरा मार्ग सुचवतो, आणि ते केवळ सोय म्हणून नव्हे. सापशिडीत सोंगटी सुरुवातीला पटाच्या बाहेर असते. तिला एकाही घरात स्थान नसते. फाशावर ४ पडले की ती चौथ्या घरावर जाते, म्हणजेच ती शून्यावरून चार घरे पुढे आली. या खेळात शून्य ही खरोखरच एक अवस्था आहे. तेव्हा १०१ खान्यांमधला शून्याचा खाना वाया जात नाही. 'अजून पटावर आलेली नाही' या अवस्थेचा तो खाना आहे. शंभर घरे आणि एक बाहेरची जागा, मिळून सोंगटीच्या शक्य जागा १०१ होतात. अ‍ॅरेचा आकार ठरवताना पटावर छापलेला मोठ्यात मोठा आकडा पाहू नये, तर सोंगटी किती वेगवेगळ्या अवस्थांत असू शकते हे मोजावे.

हा मार्ग घेतल्यावर लूप ० पासून सुरू करा आणि 'क' १०१ पेक्षा लहान असेपर्यंत चालवा. इथे 'पेक्षा लहान' हे चिन्ह मुद्दाम सांगतो. '१०० पेक्षा लहान किंवा समान' असे लिहिले तरी उत्तर तेच येईल, पण मग कोडमध्ये १०१ आणि १०० असे दोन आकडे फिरू लागतात आणि एक दिवस त्यांतला एकच बदलला जातो. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात याची कारणमीमांसा केली आहे: खालची मर्यादा धरायची आणि वरची सोडायची, असा संकेत पाळला की दोन्ही मर्यादांची वजाबाकी थेट मोजणी देते, आणि सुरुवात शून्यापासून केली की वरची मर्यादा हीच मोजणी ठरते. दोन्ही टोके धरली की वजाबाकीत एक मिळवावा लागतो. याचे घरगुती उदाहरण गणेशोत्सवाचे आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते अनंत चतुर्दशी यांची वजाबाकी १४ − ४ = १० येते आणि आपण 'दहा दिवसांचे गणपती' म्हणतो; पण तिथीचा क्षय किंवा वृद्धी नसेल तर चतुर्थी आणि चतुर्दशी दोन्ही धरून आरत्यांचे दिवस अकरा भरतात. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. प्रोग्राममध्ये मात्र कोणती मोजणी चालू आहे हे आधी ठरवावे लागते.

त्यासाठी आकार एकाच ठिकाणी नाव देऊन लिहावा. १०० या आकड्याला 'शेवटचे घर' असे नाव द्या, आणि 'खाने' म्हणजे 'शेवटचे घर + १' अशी दुसरी व्याख्या करा. अ‍ॅरे घोषित करताना 'खाने', लूपच्या मर्यादेत 'खाने' आणि विजय तपासताना 'शेवटचे घर' वापरा. उद्या लहान मुलांसाठी ३६ घरांचा पट करावासा वाटला तर आकारासाठी एकच आकडा बदलावा लागेल. आकार काढण्यासाठी काही जण 'साइझऑफ' वापरतात: संपूर्ण अ‍ॅरेचे बाइट भागिले एका खान्याचे बाइट. ज्या फंक्शनमध्ये अ‍ॅरे घोषित झाला आहे तिथे हे बरोबर चालते, ४०४ भागिले ४ म्हणजे १०१. पण अ‍ॅरे दुसऱ्या फंक्शनला पाठवला की सी भाषा फक्त त्याच्या सुरुवातीचा पत्ता पाठवते. तिथे 'साइझऑफ' पत्त्याचा आकार सांगतो, ६४ बिटांच्या संगणकावर ८ बाइट, आणि ८ भागिले ४ करून उत्तर २ येते. लूप दोनदाच चालतो आणि पहिले दोन खाने सोडून सगळे कोरे राहतात. म्हणून अ‍ॅरेबरोबर त्याची खानेसंख्याही वेगळी पाठवावी, हा सी भाषेतला जुना आणि योग्य शिरस्ता आहे.

तुमच्या कोडमध्ये एक तिसरी चूकही आहे. ती तुम्ही विचारलेली नाही, परंतु १०१ खाने केल्यावरही ती तशीच राहील. सोंगटी ९७ वर असताना ६ पडले तर बेरीज १०३ होते. तुम्ही आधी 'उडी[१०३]' वाचता आणि त्यातून आलेले उत्तर १०० पेक्षा मोठे आहे का, हे नंतर तपासता. तपासणी होईपर्यंत हद्द ओलांडून झालेली असते. क्रम उलटा हवा: आधी 'नवे स्थान' ही बेरीज करा, ती शेवटच्या घरापेक्षा मोठी असेल तर सोंगटी जागेवरच ठेवा, अन्यथा आणि केवळ तेव्हाच 'उडी[नवे स्थान]' वाचा. एकाच अटीत दोन्ही तपासण्या 'आणि' या चिन्हाने जोडणार असाल तर मर्यादेची तपासणी डावीकडे लिहा. सी भाषा डावीकडची अट खोटी ठरताच उजवीकडे पाहत नाही, त्यामुळे चुकीचा खाना वाचलाच जात नाही. अटींची अदलाबदल केली तर हे संरक्षण नाहीसे होते. काही विद्यार्थी यावर वेगळा तोडगा काढतात. ९९ वर असताना ६ पडल्यास जास्तीत जास्त १०५ येईल, म्हणून ते अ‍ॅरेच १०६ खान्यांचा करतात आणि वरच्या पाच खान्यांत काहीतरी भरून ठेवतात. त्याने बिघाड होत नाही हे खरे, पण 'नेमका आकडा पडल्याशिवाय शंभरावर जाता येत नाही' हा खेळाचा नियम अ‍ॅरेच्या आकारात लपून बसतो आणि पुढे वाचणाऱ्याला १०६ कुठून आले हे उमगत नाही. नियम हा नियमासारखा, अटीच्या रूपातच लिहावा.

आता पट काढण्याची तक्रार. सापशिडीच्या पटावर सर्वांत खालची ओळ डावीकडून उजवीकडे १ ते १०, तिच्या वरची उजवीकडून डावीकडे ११ ते २० अशी वळणे घेत क्रमांक चढतात आणि १०० हे घर वरच्या डाव्या कोपऱ्यात येते. तुम्ही घराच्या क्रमांकाला १० ने भागून भागाकार ही ओळ आणि बाकी हा स्तंभ धरला आहे. १ ते ९ साठी ओळ बरोबर ० येते. पण १० भागिले १० म्हणजे भागाकार १, बाकी ०. म्हणून १० हे घर वरच्या ओळीत जाते. त्याचप्रमाणे १ या घराची बाकी १ येते, म्हणून ते डावीकडून दुसऱ्या जागी बसते आणि कोपरा रिकामा राहतो. शंभराची ओळ १० येते, जी पटावर नाहीच. इथे तुम्ही नावाला अंतर समजलात. भागाकार आणि बाकी ही दोन्ही अंतरांची गणिते आहेत, त्यांना सुरुवात शून्यापासूनच लागते. म्हणून आधी घराच्या नावाचे अंतर करायचे:

अंतर = घर − १
ओळ = अंतर भागिले १० चा भागाकार
सरक = अंतर भागिले १० ची बाकी
ओळ सम असेल तर स्तंभ = सरक
ओळ विषम असेल तर स्तंभ = ९ − सरक

तपासून पाहा. घर १०: अंतर ९, ओळ ०, सरक ९, स्तंभ ९, खालचा उजवा कोपरा. घर ११: अंतर १०, ओळ १, सरक ०, ओळ विषम, म्हणून स्तंभ ९, बरोबर दहाच्या डोक्यावर. घर १००: अंतर ९९, ओळ ९, सरक ९, ओळ विषम, म्हणून स्तंभ ०, वरचा डावा कोपरा. वरील ओळी खालून मोजल्या आहेत, परंतु पडद्यावर छापताना वरून खाली यावे लागते, म्हणून पडद्याची ओळ '९ − ओळ' घ्यावी. ९ हा आकडा इथे दोनदा आला आणि १० एकदाही वजाबाकीत आला नाही, याकडे लक्ष द्यावे. दहा जागांची ओळ उलटवायची असेल तर शेवटच्या इंडेक्समधून वजा करायचे असते, जागांच्या संख्येतून नव्हे. १० मधून वजा केले तर पहिलीच जागा दहाव्या इंडेक्सला, म्हणजे ओळीच्या बाहेर जाते.

हे रूपांतर एकाच फंक्शनमध्ये ठेवा. खेळाचे नियम सांभाळणारा भाग फक्त घरांचे क्रमांक ओळखेल, चित्र काढणारा भाग फक्त ओळ आणि स्तंभ ओळखेल, आणि 'एक वजा करणे' ही कृती दोहोंच्या सीमेवर एकदाच होईल. कोडभर विखुरलेले '+ १' आणि '− १' हे मला नेहमी धोक्याचे लक्षण वाटतात. लिहिणाऱ्याने कुठे काय मोजले हे ठरवलेले नसते आणि उत्तर जुळेपर्यंत आकडे घातलेले असतात.

हीच पद्धत खेळाच्या इतर भागांत सहज लागू पडते. फाशासाठी यादृच्छिक संख्येला ६ ने भागून येणारी बाकी ० ते ५ असते, म्हणून तिच्यात १ मिळवतात. कोणता आकडा किती वेळा पडला हे मोजायचे असेल तर सहा खान्यांच्या अ‍ॅरेत 'आकडा − १' हा इंडेक्स वापरावा. पाळी बदलण्यासाठी 'पाळीत १ मिळवून खेळाडूंच्या संख्येने भागल्यावर येणारी बाकी' घ्यावी, म्हणजे पाळी आपोआप शून्यावर परतते. पडद्यावर 'खेळाडू १' असे दाखवताना तेवढा एक मिळवावा.

खेळाडूंच्या नावांबाबत मात्र थोडे थांबावे लागेल, कारण तुम्ही नावासाठी १० अक्षरांचा अ‍ॅरे घेतला आहे. सी भाषेत प्रत्येक अक्षरमालेच्या (स्ट्रिंगच्या) शेवटी एक शून्य बाइट साठवावी लागते, त्यामुळे रोमन लिपीतील नावाला ९ च जागा मिळतात. देवनागरीत नाव लिहू द्यायचे असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात. 'सागर' हे नाव आपण तीन अक्षरांचे म्हणतो. संगणकाला त्यात स, काना, ग, र अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट दिसतात, आणि शेवटच्या शून्यासह १३. दहा खान्यांत ते मावणार नाही आणि उरलेले तीन बाइट शेजारच्या व्हेरिएबलवर पडतील. नावासाठी किमान ६४ बाइट राखावेत आणि वाचताना कमाल मर्यादा घालणारे 'एफगेट्स' वापरावे, अ‍ॅरेच्या आकाराचा विचार न करणारे 'गेट्स' वापरू नये; ते इतके धोकादायक ठरले की सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातून ते काढूनच टाकण्यात आले.

इतर भाषांत हीच चूक कशी दिसेल, हेही सांगतो, कारण पुढच्या सत्रात तुम्ही भाषा बदलाल. जावा प्रत्येक वेळी इंडेक्स तपासते आणि हद्द ओलांडताच प्रोग्राम थांबवून कोणता इंडेक्स होता व अ‍ॅरेची लांबी किती होती ते सांगते. जावास्क्रिप्ट थांबत नाही. ती 'अनडिफाइन्ड' हे मूल्य देते, त्यात फाशाचा आकडा मिळवला की 'संख्या नाही' असे उत्तर येते आणि सोंगटी पटावरून अदृश्य होते. पायथनचा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. तिथे ऋण इंडेक्स चालतो आणि −१ म्हणजे शेवटचा खाना. तुम्ही १०० खाने ठेवून 'घर − १' हा मार्ग घेतला, आणि पटाबाहेरच्या, म्हणजे शून्यावरच्या, सोंगटीसाठी चुकून अ‍ॅरे वाचला, तर इंडेक्स −१ होतो आणि शंभराव्या घराची नोंद निमूटपणे हाती येते. कोणतीही सूचना मिळत नाही. लुआ आणि शाळेत वापरले जाणारे स्क्रॅच यांच्यात याद्या १ पासून मोजल्या जातात. तेथून सी भाषेकडे आलेल्या मुलांची सुरुवातीची चूक बहुधा तुमच्यासारखीच असते.

मोठ्या व्यावसायिक खेळांतही हे घडले आहे. नामको कंपनीच्या १९८० सालच्या पॅकमॅनमध्ये पातळीचा क्रमांक एका बाइटमध्ये ठेवला होता, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच मूल्ये मावतात. २५६ व्या पातळीवर (शून्यापासून मोजल्याने तिचा क्रमांक २५५), पडद्याखाली फळांची चित्रे काढणारा भाग त्या क्रमांकात एक मिळवतो, उत्तर शून्य होते, आणि थोडकी फळे काढण्याऐवजी तो लूप २५६ वेळा चालतो. फळांची चित्रे जिथे नोंदवली आहेत त्या तक्त्याच्या हद्दीबाहेरचे बाइट तो चित्रे म्हणून वाचतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटून टाकतो. ती पातळी रीतसर पूर्ण करता येत नाही. मोजणी, बाइटची मर्यादा आणि तक्त्याची लांबी यांचा मेळ एका ठिकाणी चुकला, एवढेच त्यामागचे कारण.

शेवटी, दुरुस्ती झाली की नाही हे कसे तपासायचे ते सांगतो. जीसीसी किंवा क्लँग हा कंपायलर वापरत असाल तर 'ॲड्रेस सॅनिटायझर' ही सोय चालू करून प्रोग्राम पुन्हा बांधा. ती अ‍ॅरेच्या दोन्ही बाजूंना पहारा बसवते आणि हद्दीबाहेर पाऊल पडताच कोडची नेमकी ओळ दाखवून प्रोग्राम थांबवते. तुमच्या जुन्या कोडवरही ती एकदा चालवून पाहा, म्हणजे लॅपटॉपवर 'नीट' चालणारा लूप तिथेही चुकीचाच होता हे डोळ्यांनी दिसेल. त्यानंतर यादृच्छिक फासा तात्पुरता बाजूला ठेवून हाताने आकडे द्या. सोंगटी शून्यावर असताना १ द्या. ती पहिल्या घरावर, खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसली पाहिजे. ९ वर असताना १ द्या आणि १० वर असताना १ द्या. सोंगटी आधी उजव्या कोपऱ्यात आणि मग सरळ वर गेली पाहिजे. ९४ वर असताना ६ देऊन ती शंभरावर पोहोचते का आणि ९५ वर असताना ६ देऊन ती जागची हलत नाही ना, हे पाहा. त्या ९४ आणि ९५ वर साप ठेवलेले असतील तर तपासणीपुरते ते काढून घ्यावेत.